विमानातलं इंधन काढायची ट्रॉली करायची आहे, जाणकारांनी जरा सांगा

उद्यमबाग_फिटर

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका हायड्रॉलिक वर्कशॉपमध्ये आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, सात वर्षं झाली, व्हॉल्व आणि पॉवर पॅक हेच रोजचं काम. मागच्या उन्हाळ्यात कामानिमित्त एका छोट्या हँगरमध्ये गेलो होतो (कुठल्या ते सांगत नाही). तिथं शिकाऊ पायलटांचं चार सीटचं विमान इन्स्पेक्शनला घेतलेलं आणि पंखातलं पेट्रोल काढायचं चाललेलं. पंखाखालच्या ड्रेनला साधी प्लास्टिकची नळी, खाली बॅरल, आणि बॅरल कुठवर भरलाय ते बघायला एक पोरगा टॉर्च घेऊन तोंडाशी वाकून उभा. कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं मान वळवली तेवढ्यात बॅरल भरून वर आला, चार-पाच लिटर फरशीवर. वाळू टाकली, पुसून घेतलं, काही झालं नाही. खरं मला त्या रात्री झोप आली नाही ओ, तो पोरगा माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा होता.

तेव्हापासून डोक्यात एक ट्रॉली घोळतेय. दोनशे लिटरची टाकी, हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप म्हणजे विजेची मोटर जवळ नकोच, टाकी भरत आली की पंप आपोआप बंद, आणि मुख्य म्हणजे अर्थिंगची क्लिप विमानाला लावल्याशिवाय पंप सुरूच होता कामा नये. कागदावर काढलंय, व्हॉल्व मी स्वतः करू शकतो. विचारायचं एवढंच की हे आधीच कुणी केलंय का, आणि जे लोक रोज हे काम करतात त्यांना नेमकी भीती कशाची वाटते. चुकत असेन तर स्पष्ट सांगा, राग नाही.

खानापूर_रिटायर्ड

बाळ, मी हवाई दलात वीस वर्षं इंधनाच्याच कामावर होतो, ट्रेनिंग आपल्या सांबऱ्यातच झालं. तुझं वाचून बरं वाटलं, क्लिपचं तू बरोबर धरलंयस, खरं त्यात एक मेख आहे ती आधी सांगतो.

इंधन नळीतनं आणि विशेष करून फिल्टरमधनं पळतं तेव्हा त्याच्यावर स्थिर वीज चढते. म्हणून मोठ्या सिस्टीममध्ये फिल्टरनंतर इंधनाला तीसेक सेकंद शांत व्हायला वेळ मिळेल अशी रचना ठेवतात, आणि एटीएफमध्ये, म्हणजे जेटच्या इंधनात, वीज वाहून नेणारं औषध थेंबाथेंबानं घालतात. विमान आणि बाउझर, म्हणजे इंधनाची टँकर गाडी, तारेनं जोडायचं ते दोघांवरचा चार्ज सारखा राहावा म्हणून. तार झाकण उघडायच्या आधी लावायची आणि सगळ्यात शेवटी काढायची. मेख अशी की क्लिप लागलीय म्हणजे जोड झालाय असं नसतं. रंगावर लागली, गंजावर लागली, आतनं तार तुटलेली असली तर दिसायला सगळं ठीक आणि उपयोग शून्य. तेव्हा तुझ्या पंपानं क्लिप लागली का हे बघू नये, क्लिपमधनं करंट फिरून परत येतोय का ते बघावं. पेट्रोल डेपोत टँकर भरताना असले बॉक्स असतात, जोड दहा ओमच्या आत असला तरच पंपाला परवानगी. क्लिपचे दोन जबडे एकमेकांपासून इन्सुलेट केलेले, एका जबड्यातनं जायचं आणि दुसऱ्यातनं यायचं. हे बाजारात आहे, तू नव्यानं शोधू नकोस, विकत घेऊन जोड.

दुसरं म्हणजे त्या प्लास्टिकच्या नळीला हातसुद्धा लावू नकोस. विमानाच्या इंधनाची होज वेगळी येते, वीज वाहून नेणाऱ्या रबराची. तुझा पंपही साध्या प्लास्टिक बॉडीचा नको, ॲल्युमिनियमचा घे आणि त्यालाही तार लाव. आणि टाकीत इंधन वरनं धबधब्यासारखं पडू देऊ नको, पाइप तळापर्यंत ने. पाइपाचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत. एक इंची पाइपाला मिनिटाला साधारण तीस लिटर बसतं, त्यापेक्षा घाई नको.

आता भीती कशाची विचारलंस म्हणून. एका तळावर मी स्वतः बघितलंय, नोझल विमानाला लागलेलं आणि ड्रायव्हरनं बाउझर हलवला. दोन मीटर गेला असेल, तेवढ्यात होज ताणली गेली, सगळे ओरडले म्हणून थांबला. चांगला माणूस होता तो, रात्रपाळी होती, बोलावणं आलं आणि विसरला. पुढं इंटरलॉकवाल्या गाड्या आल्या, नोझल आपल्या जागेवर परत ठेवल्याशिवाय ब्रेकच सुटत नाही. बायपासचं बटण असतं, खरं त्याला सील असतं आणि ते दाबलं की केबिनमध्ये दिवा लागतो. डेडमॅन तर तुला माहीत असेल, हातातलं हँडल दाबून धरलं तरच इंधन जातं, सोडलं की बंद. लोक काय करायचे माहितेय का, हँडलला दोरी बांधून सावलीत बसायचे! मग असे डेडमॅन आले की थोड्या थोड्या वेळानं सोडून परत दाबावं लागतं, नाहीतर आपोआप बंद. तू ट्रॉली करशील तेव्हा दोरी बांधणारा माणूस डोळ्यासमोर ठेव. तो वाईट नसतो, उन्हात चार तास उभा असतो.

सांबरा_हँगर

मी लायसन्सवाली टेक्निशियन आहे, छोटी विमानंच बघते. दादा, काकांनी विजेचं सांगितलं, मी इंधनाच्या जातीचं सांगते कारण आमच्याकडं खरी धाकधूक तीच असते.

पिस्टनच्या विमानाला ॲव्हगॅस लागतं, निळ्या रंगाचं, त्याचं लेबल लाल. जेट आणि टर्बोप्रॉपला एटीएफ, म्हणजे केरोसिनच, लेबल काळं. पिस्टनच्या टाकीत चुकून एटीएफ गेलं तर इंजिन सुरू होतं, टॅक्सी करतं, कधीकधी उडतंसुद्धा, आणि वर गेल्यावर बंद पडतं. यात माणसं गेलीत. यावर जो उपाय निघाला तो मला फार आवडतो कारण त्यात कुणी काही लक्षात ठेवायचं नसतं. एटीएफच्या नोझलचं तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि रुंद केलं, ६७ मिलिमीटर, आणि ॲव्हगॅसच्या टाकीचं भोक जास्तीत जास्त ६० मिलिमीटर. जातच नाही आत. खरं काही हेलिकॉप्टरच्या टाकीचं भोकच लहान, मग तिथं चोच काढून गोल तोंड लावतात आणि परत चोच लावायची राहून जाते, म्हणजे सगळं मुसळ केरात. त्यात एकाच मॉडेलचं विमान दोन इंजिनांत मिळतं, डीए ४० बघा, एक ॲव्हगॅसवर आणि दुसरं डिझेल इंजिनचं एटीएफवर, रंगही सारखा.

म्हणून ट्रॉली एका इंधनाची एकच करा. नुसतं लेबल नको, दोन्ही ट्रॉल्यांचं कपलिंगच, म्हणजे नळीचा जोड, वेगळ्या मापाचं ठेवा म्हणजे ॲव्हगॅसची नळी एटीएफच्या ट्रॉलीला लागणारच नाही. नुसतं इंजिनापुरतं नाही हे. पेट्रोल असलेल्या टाकीत नंतर केरोसिन ओतलं तर आतली वाफ बरोब्बर पेटायच्या प्रमाणात येऊ शकते, आणि केरोसिनवर वीज तर चढलेलीच असते. त्या मेळानं टँकर उडालेत.

आणखी एक, काढलेलं इंधन आम्ही संशयितच धरतो. आधी सॅम्पल घेऊन पाणी आणि रंग बघायचा, मगच काढायचं, आणि काढलेलं वेगळं ठेवायचं, दुसऱ्याच्या विमानात घालायचं नाही. तुमच्या टाकीला खालून सॅम्पल काढायला छोटा कॉक द्या, आणि टाकीचा तळ त्या बाजूला उतरता. पाणी खालीच बसतं. हे कुणी देत नाही, आणि आम्हाला टाकी कलती करून बसावं लागतं, कंबर मोडते.

उद्यमबाग_फिटर

काका, ताई, मनापासून आभार. दोन जबड्यांच्या क्लिपचं माझ्या डोक्यातही नव्हतं, मी नुसता स्विच धरला होता. ताई, कपलिंगचं लगेच ड्रॉइंगमध्ये घेतो. एक शंका, एटीएफच्या ट्रॉलीला एवढं सगळं लागेल का? त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेटू शकते ते तापमान, ३८ डिग्री आहे म्हणे, म्हणजे पेट्रोलइतकं भीतीदायक नाही ना?

खानापूर_रिटायर्ड

३८ आहे, खरं आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी ॲप्रनवर, विमानं उभी करतात त्या फरशीवर, तळहात टेकवून बघ, विजापूर-कलबुर्गीकडं तर विचारूच नको. आणि फ्लॅश पॉइंट शांत बसलेल्या इंधनाचा. गळतीतनं तुषार उडाला तर तो थंड असतानाही पेटतो. २००१ साली डेन्व्हरला ब्रिटिश एअरवेजच्या ७७७ मध्ये इंधन भरताना पंखाखाली कपलिंग बसतं ती रिंग तुटली, फवारा उडाला आणि आग. प्रवासी सगळे वाचले, इंधन भरणारा कामगार गेला. एटीएफच होतं ते. सगळं लागेल, काहीही कमी करू नको.

मच्छे_डिझाइन

भावा, मीही हायड्रॉलिक्समधलाच, आता डिझाइन बघतो. दोन-तीन गोष्टी लिहितो.

हवा गेली की काय होतं ते आधी ठरव. कंप्रेसरची नळी निसटली, कुणी पाय दिला, तर तुझा व्हॉल्व स्प्रिंगनं बंदच व्हायला पाहिजे, होता तिथं थांबून चालणार नाही. आणि भर्रकन बंद करू नकोस. मोठ्या विमानात पंखाखालनं दाबानं भरतात तेव्हा टाकी भरली की आतला व्हॉल्व खटकन मिटतो आणि होजमध्ये तडाखा बसतो, पाण्याच्या पाइपात बसतो तसाच. म्हणून नोझलपाशी दाब ५० पीएसआयच्या वर जाऊ नये आणि तडाखासुद्धा १२० च्या आत राहावा यासाठी होजच्या टोकालाच कंट्रोल व्हॉल्व देतात. तुझा दाब कमी आहे, खरं सवय तीच ठेव. उलट सक्शनच्या बाजूला होज आत चेपते, तिला आतनं स्पायरल पाहिजे.

आणि सेफ्टीचा प्रत्येक नवा भाग स्वतः काय बिघडवू शकतो हे विचार. इंधनातलं पाणी अडवायला एक फिल्टर यायचा, त्यात पाणी शोषणारं पॉलिमर. कल्पना चांगली. १३ एप्रिल २०१० ला सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या ए३३० मध्ये तेच पॉलिमर बारीक गोळ्या होऊन इंधनातनं गेलं, कारण विमानतळाच्या पाइपलाइनमध्ये खारं पाणी शिरलं होतं. दोन्ही इंजिनांचे कंट्रोल अडकले, पायलटनी २३० नॉटच्या वेगानं उतरवलं, तीनशेवर माणसं वाचली. आता तो फिल्टर जगभर मोडीत काढलाय. तेव्हा तुझ्या टाकीत लेव्हल बघायला तरंगणारा फ्लोट बसवशील तर त्याचा तुकडा सुटला तर कुठं जाईल ते बघ.

आता नवं काय म्हणशील तर इंधन काढायच्या ट्रॉल्या जगात आहेत, पेटंटही ढीगभर असतील, तू आधी पेटंट ऑफिसच्या साइटवर बसून शोध. तुझं वेगळं एवढंच दिसतंय की विजेशिवाय, फक्त हवेवर, लेव्हल आणि क्लिप दोन्ही मिळून पंपाला परवानगी देतात. क्लिपचा बॉक्स मात्र विजेचाच असणार, तो आणि टाकीपाशी जे काही विजेचं लावशील ते स्फोटक वाफेत चालणारं आणि पेसोनं, म्हणजे स्फोटक-पेट्रोलियम सुरक्षेच्या सरकारी खात्यानं, मंजूर केलेलंच घे, त्यांचं मुख्य ऑफिस नागपूरला. तेवढं वेगळेपण असलं तरी पुरेसं होऊ शकतं. आणि महत्त्वाचं, इथं ड्रॉइंग टाकू नकोस! आधी सगळ्यांसमोर आलं की नवेपण जातं. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज घाल, मग पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात, तेवढ्यात एक नमुना करून वापरून बघता येतो. आपण कर्नाटकात म्हणून अर्ज चेन्नईच्या ऑफिसकडं जातो, पलीकडं चंदगडला राहत असतास तर मुंबई. माझा पुतण्या यात फसला होता म्हणून सांगतोय.

उद्यमबाग_फिटर

ड्रॉइंग टाकणारच होतो आज रात्री, बरं झालं सांगितलंत. फ्लोट काढून टाकतो, त्याऐवजी हवेच्या बुडबुड्याची नळी ठेवून दाबावरनं लेव्हल धरता येईल असं वाटतंय, आत हलणारं काहीच नको. ताई, तुमच्या विमानांच्या ड्रेनची मापं घ्यायला एकदा येऊ का? रविवारी सुट्टी असते मला.

सांबरा_हँगर

या की. सकाळी दहाच्या आत या, नंतर ऊन होतं. फोन गेटवरच ठेवावा लागेल, आणि कपडे सुती घालून या, टेरिकॉट नको. व्हर्नियर आणा, आमचा एकच आहे आणि तो कायम कुणाच्यातरी खिशात असतो. एक पंख रिकामा करताना बघायचा असेल तर थांबा थोडं, दोन्ही पंखांतलं आळीपाळीनं थोडं थोडं काढावं लागतं नाहीतर विमान एका बाजूला कलतं, ते ट्रॉलीला कसं जमवायचं तेही तिथंच बघू.