मदत हवी आहे: 'खुदा की बस्ती'चे सगळे भाग कुठे मिळतील?

शलाका_पुणे
पाकिस्तानी मालिका 'खुदा की बस्ती' पूर्ण कुठे बघता येईल? काही भाग दिसतात, काही उघडतच नाहीत. शनिवारच्या आत हवी आहे. कृपया "गूगल करा" सांगू नका, ते करून झालंय.

जुनाटीव्ही
कुठली? पाकिस्तान टेलिव्हिजनने ती दोनदा केली, 1969 आणि 1974.

शलाका_पुणे
कृष्णधवल आहे ती.

जुनाटीव्ही
दोन्ही कृष्णधवल. तिथे रंगीत प्रक्षेपण 1976 मध्ये सुरू झालं. नोशाचं, म्हणजे गोष्टीतल्या मुख्य पोराचं, काम कुणी केलंय ते बघा. 'तनहाइयाँ' या दुसऱ्या पाकिस्तानी मालिकेतला कबाचा, म्हणजे बेहरोज सब्जवारी, पोरसवदा वयात दिसला तर ती 1974ची.

पुस्तकवेडा_नगर
मालिका कशाला? कादंबरी वाचा! शौकत सिद्दीकी मूळचे लखनौचे, फाळणीनंतर कराचीला गेले. तिथल्या झोपडवस्तीवर त्यांनी 1957 मध्ये हे लिहिलं. भंगारवाला नियाज नोशाच्या विधवा आईशी लग्न करतो, तिचा विमा उतरवतो आणि डॉक्टर मोटोकडून इंजेक्शनं देववून तिला हळूहळू मारतो. ते वाचताना जीव गुदमरतो. पडद्यावर ते येणं शक्य नाही.

मीनल_ठाणे
अहो, कथा फोडलीत! आधी इशारा तरी द्यायचा. मी कालच वाचायला घेतलीये.

शलाका_पुणे
कादंबरी वाचलेलीच आहे, म्हणून तर मालिका हवी. वाचनमंडळात दोन्हींवर बोलायचंय आणि नियाज-मोटोचा प्रसंग दाखवायचाय.

कऱ्हाडचा_सुहास
मग 1969चीच शोधा. त्यात नोशाचा मित्र राजा काझी वाजिद यांनी केलाय. आखातात माझ्याबरोबर कराचीचे एक साहेब होते. मालिका लागली की रस्ते ओस पडायचे म्हणायचे. दुसऱ्या खेपेला ती धार उरली नाही.

जुनाटीव्ही
सुहासराव, तुम्ही स्वतः 1969ची बघितलीये का? यूट्यूबवर मला तरी 1974चेच भाग सापडलेत. जी मिळतच नाही ती शोधायला सांगून शलाकाताईंचा वेळ का घालवता? 1974ची अजिबात कमी नाही.

कऱ्हाडचा_सुहास
बघितलेली नाही, पण ज्यांनी बघितली त्यांचा शब्द मी मानतो.

गोडबोले_काकू
'हमसफर' बघा ना, तीही कादंबरीवरच आहे, फरहत इश्तियाक यांच्या. झिंदगी वाहिनीवर लागायची तेव्हा आमच्याकडे कुणी जागचं हलत नसे. फवाद खान काय दिसतो!

पुस्तकवेडा_नगर
काकू, ती श्रीमंत घरातली सासू-सुनेची गोष्ट. इथे पोरं पोटासाठी चोऱ्या करतात. तुलना कशी होईल?

गोडबोले_काकू
घरातलं दुःख काय दुःख नसतं?

न्यूजर्सी_वैद्य
शलाका, उघडत नाहीत म्हणजे स्क्रीनवर नेमकं काय येतं? मला इथून सगळं दिसतंय.

शलाका_पुणे
"हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही."

न्यूजर्सी_वैद्य
हे आधी हवं होतं! 2025 मध्ये भारतात बरेच पाकिस्तानी यूट्यूब चॅनल बंद केले, त्यातलाच प्रकार दिसतोय. मोठ्या चॅनलांच्या मागे लागू नका. हौशी लोकांनी चढवलेल्या प्रती शोधा. फोनवर उर्दू कीबोर्ड घ्या आणि मालिकेचं नाव उर्दू लिपीत टाका, नागरी-रोमनमध्ये न दिसणारं बरंच वर येतं.

मीनल_ठाणे
उर्दू लिपी घरबसल्या शिकायला चांगलं मराठी पुस्तक कुठलं?

पुस्तकवेडा_नगर
मीनलताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी सविस्तर लिहितो. आणि सिद्दीकींची 'जांगलूस' नक्की घ्या, तिच्यावरही मालिका झालीये.

शलाका_पुणे
उर्दूत टाकल्यावर आणखी भाग मिळाले, आभार वैद्य. नोशा सब्जवारीच आहे. पण भागांना क्रमांकच नाहीत. मोटोचा प्रसंग कुठे शोधू?

जुनाटीव्ही
तुमच्याकडच्या भागांत नियाजचं लग्न झालेलं दिसतंय का? ते सांगा, तिथून पुढे बघू.