हवामान बदलावरच्या हॅकेथॉनला गावाने वर्गणी द्यावी का?

राळेगावचा मास्तर
आमच्या तालुक्यातल्या तीन कॉलेजांनी मिळून येत्या डिसेंबरात हवामान बदलावर विद्यार्थ्यांचं हॅकेथॉन घ्यायचं ठरवलंय. केंद्र सरकारचं स्मार्ट इंडिया हॅकेथॉन 2017 पासून होतं, त्याच धर्तीवर. सलग 36 तास, गटागटाने काम आणि शेवटी चालतं मॉडेल दाखवायचं. खर्च तीन लाखांच्या घरात जाईल. माजी विद्यार्थी, जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले यांच्याकडे वर्गणी मागायची म्हटल्यावर गावात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतो.

माझं मत उघड आहे, द्यावी. एकच प्रश्न घ्या. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या सरकारी गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. मोजणारं केंद्र मंडळात एखाद्या ठिकाणी. नाल्याच्या अलीकडे भुरभुर आणि पलीकडे वावरं खरडून नेणारा पाऊस, हे आपण पाहतोच. सोयाबीन पाण्यात बसतं, तूर उभ्या उभ्या वाळते, आणि कागदावर पाऊस बेताचा. गावोगावी स्वस्त पर्जन्यमापक बसवून त्याची नोंद मोबाइलवर आणणं बीएस्सीच्या पोरांच्या आवाक्यातलं आहे. शहरातली कंपनी यात पडणार नाही, कारण तिला त्यात कमाई नाही. मग आपल्या पोरांनी नाही करायचं तर कोणी?

धुऱ्यावरचा कास्तकार
सर, पोट्ट्याइच्या डोक्यावर माहा भरोसा हाय. पैशाच्या हिशोबावर नाई. मंडप, बॅनर, टी-शर्ट, जेवनं, पाहुन्याइचे शाल-श्रीफळ. पोट्ट्याइच्या हातात सामान किती रुपयाचं येते, थे कोनी सांगत नाई. मांगं एका ठिकानी असाच कार्यक्रम झाला. पराटीच्या, म्हंजे कपाशीच्या, पानाचा फोटो काढला का रोग सांगते, अशा ॲपले पयलं बक्षीस भेटलं. पेपरात फोटो आला. दुसऱ्या साली बोंडअळी आली तवा थे ॲप उघडतच नोयतं.

आन् उघडलं असतं तरी काय? गुलाबी अळी बोंडाच्या आत राह्यते. पानाच्या फोटोत थे कशी दिसन? बोंड फोडून पाहा लागते, नाई तं कामगंध (मादीच्या वासानं नर पतंग ओढनाऱ्या) सापळ्यातले पतंग मोजा लागते. हे आमाले कोनी इचारलं असतं तं आमीच सांगितलं असतं.

पावसाचं म्हनता, तं पोट्ट्याच्या मापकाची नोंद तलाठी मानन का? विमा कंपनी मानन का? त्याच्यापेक्षा पाझर तलावाचा गाळ काढा. गाळ वावरात पडन, पानी विहिरीत राहीन. मी वर्गणी देनार नाई.

अकोल्याची कृषी पदवीधर
भाऊ, बोंडअळीचं शंभर टक्के बरोबर. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, असं आम्हालाही शिकवलं. त्या सापळ्यातले पतंग आपोआप मोजणारं काही पोरांनी केलं तर ते खरं कामाचं.

माझा विरोध हॅकेथॉनला नाही, डिसेंबरला आणि 36 तासांना आहे. ओलाव्याच्या सेन्सरचंच घ्या. अशा स्पर्धेत निदान चार गट तरी तो घेऊन येतात. कुंडीतल्या भुसभुशीत मातीत तो छान चालतो, टाळ्या पडतात. आपली काळी माती तशी नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग सेन्सरच्या अंगाला पडली की माती त्याला सोडते, मध्ये हवा शिरते, आणि रान पुरतं वाळल्याचा आकडा येतो. बाजूला वीतभर अंतरावर ओल असते. तो आकडा पाहून कोणी मोटर चालू केली तर पाणी वाया, वीज वाया. हे कळायला जूनची पेरणी, ऑगस्टचा खंड आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, सगळं त्या यंत्राने वावरात राहून सोसावं लागतं.

म्हणून तीन लाखांतला एक लाख कार्यक्रमाला ठेवा आणि दोन लाख निवडलेल्या तीन-चार गटांना पुढच्या खरिपासाठी. मंचावर मोठा चेक देऊ नका. सामान, बसभाडं आणि दुरुस्ती लागेल तसे पैसे सुटू द्या.

पुण्यातला दिग्रसकर
मी आयटीत आहे आणि वर्गणी देणार आहे, पण ताईंची वाटणी मला मान्य नाही. एका लाखात तीन कॉलेजांचा कार्यक्रम म्हणजे पोरांना उसने लॅपटॉप आणि अर्धवट इंटरनेट. सगळं कामाच्या वस्तूवर मोजू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला पोरगा पहिल्यांदा आपली कल्पना चार अनोळखी माणसांपुढे मांडतो, त्याला आडवेतिडवे प्रश्न येतात, तो रात्रभर बसून उत्तर शोधतो. पुण्यातल्या पोरांना हे पहिल्या वर्षापासून मिळतं. आपल्याकडच्या पोराला ते नोकरीच्या मुलाखतीतच पहिल्यांदा भेटतं आणि तिथे तो गप्प बसतो. वस्तू टिकली नाही तरी पोरगा तयार झाला, हे मला पुरेसं आहे. गाळ काढायला गाळमुक्त धरण योजना आहे. पोरांना उभं करायला कोणती योजना आहे?

कळंबची आई
दिग्रसकर दादा, तुम्ही पोरगा पोरगा म्हणताय. माझी मुलगी बीएस्सीला आहे, वर्गात पुढे आहे. सलग 36 तास म्हणजे रात्र कॉलेजात. खेड्यातून किती आया पाठवतील? आमच्याकडे मुली बसच्या वेळेवर शिकतात, शेवटची बस चुकली की घरून फोन सुरू. पाणी भरणं, निंदण, वेचणी ही बायांची कामं. उन्हाचा आणि पावसाच्या लहरीचा पहिला मार त्यांच्यावर. त्यांच्याच मुली तुमच्या हॅकेथॉनात नसतील तर तुम्ही प्रश्न कोणाचा सोडवताय?

चार शनिवार घ्या, सकाळी दहा ते चार. मग मंडप, रात्रीचं जेवण, गाद्या, काहीच लागत नाही. आपोआप पैसा वाचतो आणि ताईंच्या खरिपाला उरतो.

वणीकर
पैसा किती यावर सगळे बोलले, कोणाचा यावर कोणी नाही. कृषी केंद्रवाल्यांची वर्गणी घेऊ नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. फवारणी कमी कशी करायची हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. ज्याचं दुकान औषधाच्या डब्यांवर चालतं त्याचा बॅनर मागे लावून कोणता पोरगा हा विषय घेईल? कोणी अडवणार नाही, पोरंच संकोचतील.

आमच्या वणी भागात कोळशाची धूळ कापसावर बसते, बोंड उमललं की काळपट दिसतं आणि व्यापारी भाव पाडतो. खाणींच्या पैशातून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, 2015 पासून. तो निधी खाणबाधितांसाठीच असतो. शिक्षण, पर्यावरण दोन्ही त्यात बसतं. वर्गणीची वही फिरवण्याआधी तिकडे प्रस्ताव टाका. खाणबाधित गावांतल्या कॉलेजांना बरोबर घ्या म्हणजे तो नियमात बसेल.

पुण्यातला दिग्रसकर
कोळशाचा पैसा हवामान बदलाच्या कामाला? मला पटत नाही. उद्या तेच म्हणतील, बघा आम्ही पर्यावरणासाठी किती करतो.

वणीकर
कंपनीने मर्जीने दिलेली देणगी असती तर मीही नको म्हणालो असतो. हा पैसा कायद्याने आमच्या गावांचा आहे. आमच्या कापसाला काळं केलं त्याची ती भरपाई आहे, उपकार नाही. प्रतिष्ठान जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतं, तिथे कंपनीचा बॅनर लावायचं बंधन नाही.

राळेगावचा मास्तर
चार शनिवारांचं मी उद्याच प्राचार्यांपुढे मांडतो. 36 तास हा आकडा आम्ही बाहेरून उचलला होता, त्यामागे आमचा असा काही विचार नव्हता. कृषी केंद्रांची वर्गणी टाळू. दिग्रसकर, लॅपटॉप तीनही कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले शनिवारी मोकळे असतात.

कास्तकार भाऊ, नोंद कोण मानणार या तुमच्या प्रश्नावर मला मागे हटायचं नाही. आज मानणार नाहीत, खरं आहे. पण मंडळाच्या केंद्राशेजारी आपलं एक मापक पावसाळाभर ठेवलं आणि दोघांचे आकडे जुळले, तर तेच मापक गावात काय सांगतं हे ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येईल. नुकसान झालं की ते कागदावर दाखवावं लागतं. त्या वेळी हातात तारीख-वेळेची नोंद असणं आणि नसणं यात फरक आहे.

धुऱ्यावरचा कास्तकार
सर, मंग एक करा. इषय कॉलेजात बसून ठरवू नका, दिवाळीनंतर तीन गावात ग्रामसभेले या. आमी सांगतो काय काय बिघडलं थे. वर्गणी मी अजूनबी देनार नाई, गाळाचं काम माह्यासाठी पयलं हाय. पन पोट्ट्याइले यंत्र लावाले जागा पायजे असन तं माह्या वावरातला अर्धा एकर देतो. पुऱ्या हंगामाले. त्याच्यात डवरा चालन, वखर चालन, ढोरं येतीन, उंदरं वायर कुरतडतीन. थे सगळं त्याइनं पाहा. आन् यंत्राचं आयकून पानी दिलं आन् पीक गेलं, तं अर्ध्या एकराचा बियान्या-खताचा खर्च तुमच्या दोन लाखातून द्या लागन. हे आधीच कागदावर लेहून घ्या.

अकोल्याची कृषी पदवीधर
सर, ही भरपाईची रक्कम प्रस्तावात वेगळ्या ओळीत दाखवा. आणि शेजारच्या अर्ध्या एकरात भाऊ त्यांच्या पद्धतीने पाणी देतील, त्याचीही नोंद ठेवा; नाही तर यंत्राने काय साधलं हे मोजणार कशावरून?