किंगस्नेक किती मोठा होतो, आणि त्याला किती खाऊ घालायचं?

प्रेषक: एक आई, सनीव्हेल

नमस्कार मंडळी,

आमच्या शेजारचं कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेलं आणि जाताना त्यांच्या मुलाने आपला पाळलेला साप, कॅलिफोर्निया किंगस्नेक, आमच्या लेकाच्या हवाली केला. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, करंगळीएवढी जाडी, लांबी साधारण दीड फूट. लेकाला त्याचं वेड लागलंय आणि मलाही तो आवडू लागलाय. पण हा शेवटी किती मोठा होणार? शेजारी सांगून गेले, "दर तीन दिवसांनी उंदराचं पिल्लू द्या, तो कधीच नको म्हणत नाही." हे बरोबर आहे का? शिवाय आमचं घर शाकाहारी, पुढच्या महिन्यात साताऱ्याहून सासूबाई येताहेत. चिकनचे तुकडे देऊन भागेल का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

प्रेषक: सापवाले काका, फ्रीमाँट

ताई, नमस्कार.

सासूबाईंना पहिल्यांदा हे सांगा की हा बिनविषारी आहे आणि किंग कोब्राशी, म्हणजे आपल्या नागराजाशी, याचा काही संबंध नाही. आपल्याकडची धामण जशी निरुपद्रवी, तसाच हा.

अंड्यातून निघतो तेव्हा साधारण फूटभर असतो. पूर्ण वाढलेला कॅलिफोर्निया किंगस्नेक बहुतेक वेळा तीन ते चार फुटांचा होतो, क्वचित त्याहून थोडा मोठा. नर मादीपेक्षा जरा लांब असतात. फ्लोरिडाकडचे किंगस्नेक याच्यापेक्षा लांब वाढतात, टेक्सासच्या बाजूचे करड्या पट्ट्यांचे लहानच राहतात. म्हणून नेटवर "किंगस्नेक सहा फुटांचा" असं वाचून घाबरू नका. पूर्ण वाढीला तीनेक वर्षं लागतात. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज जगतो, तेव्हा लेक कॉलेजला जाईल त्यानंतरही हा तुमच्याकडेच असणार.

आता खाण्याचं. तो कधीच नको म्हणत नाही, हे शेजाऱ्यांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि म्हणूनच तो सल्ला ऐकू नका. किंगस्नेकची भूक हा काही मोजमापाचा आधार नव्हे. रानात तो सरडे, पक्ष्यांची अंडी, उंदीर, इतर साप, अगदी रॅटलस्नेकसुद्धा खातो. त्या विषाला त्याचं शरीर दाद देत नाही. शिकार पुन्हा कधी मिळेल याची तिथे खात्री नसते, त्यामुळे समोर येईल ते गिळायचं हा त्याचा स्वभाव. हाताला उंदराचा वास असला तर बोटसुद्धा धरेल. पिंजऱ्यात शिकार आपण देतो, तेव्हा हिशेबही आपणच ठेवायला हवा. त्याची भूक बघून नको, त्याचं अंग बघून द्या.

तुमच्याकडचा आहे त्या वयात दर पाच-सात दिवसांनी एक पिल्लू पुरे. पिल्लाची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त असावी. साप वाढेल तसं पिल्लू मोठं करत जा, अंतर वाढवत जा. पूर्ण वाढ झाली की दहा-चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. जास्त खाऊ घातल्याने तो जातीच्या लांबीपलीकडे जात नाही, फक्त चरबी साठते आणि यकृतावर ताण येतो. सुस्त पडलेला असतानाही खवल्यांमधली कातडी दिसू लागली, वळताना अंगाला घड्या पडल्या, शेपटीच्या अलीकडचा भाग फुगला, तर समजा की खाणं जास्त होतंय. उलट पाठीचा कणा धारेसारखा वर आला तर कमी पडतंय.

चिकनचे तुकडे नकोत. अख्ख्या उंदरात हाडांतलं कॅल्शियम, काळीज, आतडी सगळं मिळतं, वेगळी पावडर टाकावी लागत नाही. नुसत्या मांसावर साप हळूहळू कुपोषित होतो. जिवंत उंदीरही देऊ नका, तो सापाला चावतो, आणि जखम खोल असते. गोठवलेले आणा. रात्रभर फ्रिजमध्ये, मग पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून ऊब आणा आणि लांब चिमट्याने द्या. मायक्रोवेव्ह अजिबात नको. त्यांच्यासाठी गॅरेजमध्ये एक छोटा फ्रीझर ठेवा. शाकाहारी घर नसतं तरी मी हेच सांगितलं असतं, कारण उंदरांतून येणारे साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू गोठवल्याने मरत नाहीत. उंदरांसाठी वापरायची भांडीही वेगळी, आणि हात साबणाने धुवायचेच. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मात्र साप ठेवूच नये.

खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलू नका. पिंजऱ्याच्या एका टोकाला ऊब हवी, 85 अंश फॅरनहाइटच्या आसपास, दुसरं टोक दहाएक अंशांनी थंड. ऊब नसेल तर पोटातलं पचतच नाही. आणि दुसरा साप सोबतीला आणून त्याच पिंजऱ्यात टाकू नका, हा त्याला गिळेल.

प्रेषक: आजी, ट्रेसी

अहो, माझं माहेर सांगलीकडचं. नागपंचमीला आम्ही नागापुढे दुधाची वाटी ठेवायचो. धामण गोठ्यात शिरून म्हशीचं दूध पिते असंही गावात सगळे म्हणायचे. याला कधीतरी दूध चालेल का?

प्रेषक: सापवाले काका, फ्रीमाँट

आजी, दूध नको. सापाला ते पचत नाही. तहानेने व्याकूळ झालेल्या सापापुढे दुसरं काहीच नसेल तर तो त्यात तोंड घालतो, म्हणून लोकांना वाटतं की त्याला आवडतं. गंमत म्हणजे इथल्या अमेरिकन शेतकऱ्यांचीही अगदी हीच समजूत होती. किंगस्नेकच्याच कुळातला मिल्कस्नेक गोठ्यात यायचा तो उंदरांसाठी, आणि आळ आला गाईचं दूध पिण्याचा. वाटीभर स्वच्छ पाणी रोज बदलायचं, बस.

प्रेषक: एक आई, सनीव्हेल

काका, फार आभार. एक काळजी आहे. परवापासून तो खात नाही आणि डोळे निळसर, धुरकट दिसताहेत. गेल्या महिन्यात एकदा त्याने खाल्लेलं बाहेरही टाकलं होतं, असं शेजाऱ्यांनी आता फोनवर सांगितलं.

प्रेषक: सापवाले काका, फ्रीमाँट

ताई, डोळे तसे होणं म्हणजे कात टाकायची वेळ आली. काही दिवसांत डोळे स्वच्छ होतील, मग कात निघेल, त्यानंतर खायला द्या. तोवर पिंजऱ्यात ओलसर शेवाळाचा एक डबा ठेवा, कात एकसंध निघायला मदत होते.

ओकारीचं मात्र मनावर घ्या. ऊब कमी पडली, शिकार मोठी झाली किंवा खाल्ल्याखाल्ल्या हाताळलं की असं होतं. पुन्हा झालं तर निदान दहा-चौदा दिवस काहीच देऊ नका, मग नेहमीपेक्षा लहान पिल्लू द्या. त्यानंतरही टाकलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठा, नुसतं वाट बघत बसू नका.

आणि झाकणाला कुलूपवजा खिटी लावा. हा पळण्यात पटाईत आहे. कंटाळा आला तरी इथल्या जवळच्या सुनोलच्या टेकड्यांवर सोडायचा नाही. पाळीव सापासोबत रोगही रानात जातात. कॅनरी बेटांतल्या ग्रान कॅनारियावर हेच कॅलिफोर्नियाचे किंगस्नेक पाळीव म्हणून गेले, पिंजऱ्याबाहेर पडले आणि रानात रुजले. जिथे ते पसरले तिथले मोठे सरडे, जे जगात फक्त त्याच बेटाचे मूळ रहिवासी, जवळजवळ नाहीसे झाले.

लेकाला एक वही द्या: खायला दिल्याची तारीख, कात, वजन. ग्रॅमचा काटा मी शनिवारी घेऊन येतो, पहिलं वजन आपण दोघे मिळून करू.