रूटला पासवर्ड हवाच कशाला? सुडो विरुद्ध एसयू

टर्मिनलप्रेमी
माझं मत आधीच सांगतो: ज्या लिनक्स सर्व्हरवर एकापेक्षा जास्त माणसं काम करतात, तिथे रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, पासवर्डच ठेवू नये. रूटचा पासवर्ड घेऊन रूट बनवणारी एसयू कमांड बंद; सगळं सुडोने, म्हणजे एकेक कमांड रूटच्या अधिकाराने चालवून.

आधीच्या टीममध्ये आम्हा तिघांना रूटचा पासवर्ड माहीत होता. एका रात्री वेबसर्व्हरची कॉन्फिग फाइल उडाली. लॉग (नोंदींची फाइल) उघडला तर तासाभरात तिघेही एसयू करून रूट झालेले, एवढंच कळलं. पुढे कोणी काय केलं त्याचा पत्ता नाही. ज्याने काही केलंच नव्हतं त्यालाही दोन दिवस खुलासे द्यावे लागले. सुडोत प्रत्येकजण स्वतःचा पासवर्ड देतो आणि कमांड त्याच्या नावानिशी नोंदली जाते. माणूस टीम सोडून गेला की सुडोच्या ग्रुपमधून नाव काढायचं, संपलं.

जुना_डेबियनवाला
साफ असहमत. सुडोत युजरचा पासवर्ड फुटला की रूटही गेलं. एसयूला दुसरा पासवर्ड लागतो, म्हणजे दुसरं कुलूप. शिवाय सुडो हा केवढा अवाढव्य प्रोग्राम! २०२१ साली त्यात जी चूक सापडली ती २०११ पासून पडून होती, आणि सुडोअर्समध्ये (कोणी सुडोने काय चालवायचं ते ठरवणाऱ्या फाइलीत) नाव नसलेला साधा युजरही तिच्यातून रूट होऊ शकत होता.

टर्मिनलप्रेमी
तुमच्या युजरमध्ये घुसलेला माणूस बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) एसयू नावाचा खोटा एलियास, म्हणजे कमांडचं टोपणनाव, टाकेल. तुम्ही निर्धास्तपणे टाइप कराल आणि थेट रूटचाच पासवर्ड त्याच्या हातात पडेल. कुठलं दुसरं कुलूप?

कर्नलकन्या
दोघांनाही एक विचारते. सुडो -आय करून रूटचं शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) उघडलं की नोंद फक्त शेल उघडल्याची राहते, आतल्या कमांडची नाही. मी पाहिलेले निम्मे लोक सकाळी तेच करतात आणि दिवसभर रूट म्हणून बसतात. मग त्या रात्रीचा घोळ सुडोनेही सुटला नसता. तीच गत विम या टेक्स्ट एडिटरची. एखाद्याला सुडोने फक्त विम चालवायची परवानगी दिली, तरी विममधून शेल उघडता येतं. त्यासाठी फक्त फाइल बदलू देणारं सुडोएडिट आहे, पण वापरतं कोण?

टर्मिनलप्रेमी
हे शंभर टक्के मान्य. सुडोअर्समध्ये शेलची परवानगीच देऊ नये, मोजक्या कमांड लिहून द्याव्यात. कष्टाचं काम आहे, पण सुडोची खरी ताकद तिथेच आहे.

साधीसोपी
घरच्या मशीनवर मी सुडोऐवजी त्याच कामाचं छोटं डूअ‍ॅज वापरते. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते २०१५ साली आलं. माझी अख्खी कॉन्फिग एका ओळीची आहे. एवढी मोठी सुडोअर्स फाइल लागते कुणाला?

जुना_डेबियनवाला
मूळ मुद्द्यावर येतो. डेबियन हे लिनक्स इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की रूट लॉक होतं आणि सुडो मिळतं. पुढे कधी एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) चुकीची ओळ पडली, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं, की पडद्यावर येतं: रूट खातं लॉक आहे, कन्सोल उघडता येत नाही. एंटर दाबत बसा. मी असाच अडकलो होतो. शेवटी ग्रबमध्ये (मशीन बूट करणाऱ्या प्रोग्राममध्ये) इनिटच्या, म्हणजे सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, जागी बॅश हे शेल देऊन आत शिरलो. नवख्याने काय करायचं?

टर्मिनलप्रेमी
ही अडचण खरी आहे. एकट्याच्या मशीनवर रूटला लांबलचक पासवर्ड द्यावा, कागदावर लिहून कपाटात ठेवावा, रोज वापरू नये.

जुना_डेबियनवाला
मग ‘पासवर्डच ठेवू नये’ हे मागे घ्या.

टर्मिनलप्रेमी
एकट्याच्या मशीनपुरतं घेतो. सर्व्हरला रेस्क्यू इमेजने (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या सिस्टिमने) बूट करता येतं, तिथे माझं म्हणणं तेच.