घराण्याचा इतिहास शोधायचा तर आधी मोडीचा वर्ग लावावा का? (प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माळ्यावरची पेटी

गेल्या महिन्यात मोडी लिपीचा दहा दिवसांचा वर्ग केला. त्याला जोडूनच, घराण्याची कागदपत्रं कुठे आणि कशी शोधावीत यावर दोन दिवसांची कार्यशाळा होती, तीही केली. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ज्याला आपलं घराणं शोधायचंय त्यानं आधी असा वर्ग करावा, मगच पेटीला हात लावावा.

आमच्याकडे एक मोडी कागद आहे, घडीवर विरलेला. मजकूर कुणालाच लागत नव्हता, पण '१२६३' हा आकडा सगळ्यांना दिसायचा. चुलत आजोबांनी तो शके धरला, ७८ मिळवले, इ.स. १३४१ आलं. घराण्याची पुस्तिका छापली तेव्हा पहिल्याच पानावर 'पावणेसातशे वर्षांची परंपरा' असं आलं. वर्गात सरांनी कागद उजेडात धरला आणि आकड्याच्या आधीचा शब्द वाचला: फसली. फसली म्हणजे महसुलाच्या हिशेबाची जुनी कालगणना, त्या सनात ५९० मिळवायचे. म्हणजे १८५३. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनचा कायदा १८५२ चा. ज्याला आम्ही सनद म्हणून देवघरात ठेवलं होतं, ती इनाम जमीन आमच्याकडे कशी आली हे सांगायला आमच्या खापरपणजोबांनी सरकारात दिलेली कैफियत निघाली. पाचशे वर्षं गेली, पण त्या कैफियतीत चार पिढ्यांची नावं ओळीनं लिहिलेली आहेत. ती आम्हाला आजवर माहीतच नव्हती.

हे घरी बसून व्हिडिओ बघून झालं नसतं. शेजारी बसून कागद बघणारं कुणीतरी लागतं.

ओसरी

मी नेमकं उलट सांगेन. आधी वर्ग नको, आधी माणसं गाठा.

तीन वर्षांपूर्वी मीही असाच दर रविवारचा वर्ग लावला होता. आईची मावशी तेव्हा एक्याण्णव वर्षांची. ठरवलं होतं, वर्ग संपला की तिच्याकडे जाऊ, तोवर काय आणि कसं विचारायचं तेही नीट कळेल. वर्ग संपायला दोन रविवार होते तेव्हा ती गेली. पणजीच्या चार बहिणी कोणत्या गावी दिल्या, हे जिवंत माणसांत फक्त तिला ठाऊक होतं. आज मला मोडी बऱ्यापैकी वाचता येते. ती चार गावं मला कुठल्याच कागदात सापडलेली नाहीत आणि सापडतील असं वाटतही नाही.

पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदांचा संग्रह, पुढच्या वर्षीही जागेवर असेल. माणसांचं तसं नाही.

आणि विचारायला शिकण्यासाठी वर्ग लागत नाही, जरा थांबून ऐकावं लागतं. 'तुझं लग्न कोणत्या साली झालं' म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात, आपलं काही चुकेल अशी त्यांना भीती वाटते. 'लग्न होऊन आलीस तेव्हा दोरीवर किती जणींची लुगडी वाळत असायची' असं मी एका काकूंना विचारलं, तर त्यांनी सात बायकांची नावं घेतली, कोण विधवा होती आणि कोण बाळंतपणाला आली होती तेसुद्धा सांगितलं. मी फोन चालू करून उशीजवळ ठेवला होता, एवढीच माझी पद्धत.

बोरू आणि टाक

ओसरी, मावशींचं वाचून वाईट वाटलं. तरी 'आधी माणसं' हे मला अर्धंच पटतं. माणसं जे सांगतात ते तपासायचं कशावर?

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की मूळ पुरुष पानिपतावर पडला. असं कितीतरी घराण्यांत सांगतात आणि मनापासून सांगतात. मला वर्गात सुहूर सन वाचायला शिकवला. पेशवाईतल्या कागदांत साल आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतं: अर्बा म्हणजे चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात. आमच्या एका कागदावर 'खमस सबैन मया व अलफ' आहे. पाच, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४. पानिपत १७६१ चं. त्या कागदात हाच माणूस, याच बापाच्या नावानं, धान्य पोचल्याची पावती देतोय. आता तो कदाचित पानिपताहून परतला असेल, कदाचित त्याचा भाऊ पडला असेल. पण 'पडला' हे आता मी पुढच्या पिढीला सांगणार नाही.

दुसरं म्हणजे नावं. जुन्या कागदांत आडनाव बहुतेक नसतंच, 'रामजी बिन संताजी' एवढंच असतं, बिन म्हणजे मुलगा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे रामजीचा संताजी, संताजीचा रामजी, त्याचा पुन्हा संताजी. तीन वेगळ्या कागदांतले तीन रामजी एकच की आजोबा-नातू, हे साल, शेताचं नाव आणि साक्षीदार बघून ठरवावं लागतं. नवखा माणूस तिघांचा एक करतो आणि दोन पिढ्या गिळतो. मीही केलं होतं. वर्गानं मला लिपीपेक्षा जास्त ही शंका घ्यायला शिकवलं.

लिपीही सोपी नाही, हेही सांगतो. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. तक्ता पाठ करून कागद वाचता येत नाही. चाळीस-पन्नास कागद दुसऱ्यासोबत वाचावे लागतात.

तिसरी पिढी

चर्चा चांगली आहे, पण एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये. सनद, कैफियत, इनाम, पेशवे दफ्तर. हे कुणाच्या घरातले कागद?

माझ्या माळ्यावर पेटी नव्हती. माळाच नव्हता. मीही वर्गाला गेलो होतो, मोठ्या उत्साहानं. दहा दिवस जे कागद समोर ठेवले त्यांत आमची माणसं एका शब्दात येत होती, जातीच्या किंवा कामाच्या. नाव नाही, बापाचं नाव नाही. जिथं नाव होतं तिथं 'धोंड्या', 'दगड्या'. त्याच कागदात वर 'धोंडोपंत'. धोंड्या आणि धोंडोपंत, दोन्ही नावं एकाच शब्दावरून आलेली. शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्याकडे सरावाला तेच कागद होते. पण मला त्या खोलीत बसवत नव्हतं.

मला माझी माणसं सापडली ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. आजोबा हे शाळेत जाणारे घरातले पहिले. वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख (मास्तरांनी अंदाजानं लावलेली, १ जून) आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: 'गैरहजर'. त्या एका शब्दावर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो. मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. त्यात आजोबांच्या दोन बहिणी सापडल्या ज्यांचं नाव घरात कुणी कधी घेतलं नव्हतं. दोघी १९१८ च्या साथीत, एकाच महिन्यात. कारण: ताप.

यातलं काहीही मला वर्गात शिकवलं नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या एका कारकुनानं शिकवलं, स्वतःची जेवणाची सुट्टी सोडून.

बोरू आणि टाक

तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. वर्गांचा अभ्यासक्रम दरबारी कागदांवर उभा आहे हे खरंच आहे.

एक गोष्ट मात्र बघितली नसेल तर जरूर बघा. कनिष्ठ गावकामगारांची वतनं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी आणि हक्क, १९५८ च्या कायद्यानं संपली. त्या जमिनी मग कुणाच्या नावे झाल्या त्याचे फेरफार, गाव नमुना ६, तलाठी दप्तरात असतात. फेरफारात वारस येतात, म्हणजे बाप-लेकांची साखळी येते.

तिसरी पिढी

बघितलंय, आणि त्यातून दोन पिढ्या मिळाल्या. आभार. पण माझा मुद्दा तोच राहतो. हे वाक्य तुम्ही इथं लिहिलंत. वर्गात दहा दिवसांत कुणी लिहिलं नव्हतं.

रेकॉर्ड रूम

मी काही वर्षं असे वर्ग घेतलेत म्हणून लिहितेय. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. वर्ग भरले. त्यांतले अनेक जण 'कुणबी' हा एकच शब्द शोधायला आले होते. त्यांच्या गरजेला मी नावं ठेवणार नाही, मुलाचं शिक्षण त्या शब्दावर अडलेलं असतं. पण ज्याला काय सापडायला हवं ते आधीच ठाऊक असतं, त्याला पुसट अक्षरात तेच दिसायला लागतं. हे मी समोर बसून पाहिलंय. म्हणून मी पहिल्या दिवशी एकच कागद दोन गटांना देते, न बोलता वाचायला लावते आणि मग दोन्ही वाचनं फळ्यावर शेजारी लिहिते. एकटं शिकणाऱ्याला हे कोण दाखवणार? वर्गाची बाजू मी एवढ्यासाठीच घेईन.

तिसरी पिढी यांनी लिहिलेलं मनाला लागलं. पुढच्या वर्गात कोतवाल बुक आणि जनरल रजिस्टरची पानं मी सरावाला आणणार आहे.

माहेरवाशीण

मला दोन्ही बाजूंना एकच सांगायचंय. आमच्या कार्यशाळेत भरायला जो तक्ता दिला त्यात वर एक चौकोन, त्याखाली मुलगे, त्याखाली त्यांचे मुलगे. मुलींसाठी रकानाच नव्हता. मी विचारलं तर 'त्या दुसऱ्या वंशात जातात' असं उत्तर आलं. विसाव्या शतकात कितीतरी घराण्यांनी कुलवृत्तांत छापले, त्यांतले मी जे चाळले त्यांतही बहुतेक हाच साचा.

हिशेब करून बघा. दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ, सोळा. दहाव्या पिढीत १०२४ जागा होतात. आडनावाची रेघ त्यातल्या एकाच जागेवर जाते. उरलेल्या १०२३ माणसांचं रक्त आपल्या अंगात नाही का? (काही माणसं दोनदा येतात, कारण नात्यात लग्नं व्हायची, पण मुद्दा बदलत नाही.)

बायका कागदात असतात, पण बिनऐवजी 'कोम' शोधावं लागतं. 'सखू कोम धोंडजी' म्हणजे धोंडजीची बायको सखू. कुठे 'भ्रतार' असतं. हे दोन शब्द मला वर्गात नाही, एका जुन्या दस्तात अडखळून कळले. आणि लग्नात नाव बदललं की माहेरची मुलगी आणि सासरची सून कागदावर दोन वेगळ्या बायका होतात. तो सांधा कागद जुळवत नाही. तो ओसरींच्या मावशीच जुळवू शकत होत्या.

ओसरी

अगदी. आणि तीर्थक्षेत्रांच्या वह्या विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया. तीर्थपुरोहितांकडे गावानं आणि आडनावानं नामावळी असते, कोण आलं, कुणासोबत, कशासाठी. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी, म्हणजे घरोघर फिरून वंशावळ सांगणारे, अजून येतात, पिढ्या तोंडपाठ म्हणतात. तेही माणसांचंच दप्तर आहे. हेळव्यांची पुढची पिढी हे काम करेल का, हे त्यांनाच विचारा. मी विचारलंय. म्हणून घाई करा म्हणतेय.

माळ्यावरची पेटी

चार दिवस गप्प होतो, कारण जाऊन आलो. ओसरींचं वाचल्यावर राहवेना. थोरली आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे. कैफियतीची छायाप्रत नेली नाही, जुने फोटो नेले आणि लुगड्यांचा प्रश्न विचारला.

'आधी वर्ग, मग पेटी' हे माझं वाक्य मी मागे घेतो. आधी आत्याच. पण वर्ग नको, हे अजून पटत नाही, आणि का ते सांगतो. आत्यानं तिच्या आजीचं नाव लक्ष्मी सांगितलं. माहेरचं नाव तिला आठवेना, 'नदीचं काहीतरी होतं' म्हणाली. घरी येऊन १९०९ सालचा, तिच्या आजोबांच्या नावाचा एक मोडी दस्त पुन्हा काढला, पूर्वी मी फक्त पुरुषांची नावं बघून बाजूला ठेवला होता. माहेरवाशीण यांनी लिहिल्याप्रमाणे 'कोम' शोधलं. तिसऱ्या ओळीत आहे: 'चंद्रभागा कोम'. पुढे आजोबांचंच नाव.

आता अडलोय. चंद्रभागा नदीच आहे. पण दस्त सासरचा, मग माहेरचं नाव त्यात कसं? की आजोबांची दोन लग्नं झाली आणि चंद्रभागा ही पहिली बायको, जिच्याबद्दल आत्यालाही कुणी सांगितलं नाही?

रेकॉर्ड रूम

दोन्ही शक्य आहे, आत्ता ठरवू नका. दस्ताच्या शेवटी निशाणी, म्हणजे सहीऐवजी काढलेली खूण, कुणाची आहे बघा, तिथं नाव पुन्हा येतं आणि कधीकधी वेगळं येतं. दुसरं, दस्ताच्या सालापासून पुढची दहा वर्षं त्या गावच्या कोतवाल बुकातल्या मृत्यूच्या नोंदी काढा. पहिली बायको असेल तर ती तिथं भेटेल.

तिसरी पिढी

तहसीलला अर्ज करताना गावाचं जुनं नाव आणि त्या काळचा तालुका दोन्ही लिहा, नाहीतर 'आढळून येत नाही' म्हणून अर्ज परत येतो. आणि पानं स्वतः उलटायला मिळतील का ते विचारा. माझ्या आजोबांच्या बहिणी मी मागितलेल्या पानावर नव्हत्या, पुढच्या पानावर होत्या.

माळ्यावरची पेटी

निशाणी बघितली. बांगडीची आहे, म्हणजे बाईचीच, पण शेजारी नाव पुसलंय. सोमवारी अर्ज देतोय, आणि आत्याकडे पुन्हा रविवारी.