वॉर्डातला पहिला मृत्यू : विद्यार्थिनींची तयारी कशी करून घ्यायची?

ट्यूटर_परळ
जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाच्या मुलींचं महापालिकेच्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग आहे, सकाळपाळी सात ते दोन. पेशंट गेला की मुली एक तर दुसऱ्या दिवशी दांडी मारतात, नाहीतर इतक्या कोरड्या होतात की नाव जाऊन नुसता बेड नंबर उरतो. ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) दिल्यावर पंधरा मिनिटं मिळतात, मग सगळ्यांचं लक्ष गाडीकडे. या वेळात नेमकं काय घ्यावं?

आयसीयू_सिस्टर
पंधरा मिनिटं नंतर बघू, पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी अर्धा तास काढा. मुली मृत्यूपेक्षा कुणी न सांगितलेल्या गोष्टींनी जास्त हादरतात.

सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबल्यावरच्या तातडीच्या उपचारात, छाती 5 ते 6 सेंमी दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा. वयस्कर पेशंटच्या बरगड्या त्यात मोडू शकतात, आणि ते हाताला कळतं. आधी सांगितलं नसेल तर ‘माझ्यामुळे गेले’ हे डोक्यात घेऊन मुलगी घरी जाते. हृदय थांबल्यावरही काही वेळ आचके येतात, तो श्वास परत आलेला नसतो. लास्ट ऑफिसला, म्हणजे मृत्यूनंतर बॉडी स्वच्छ करून नीट ठेवताना, ती कुशीवर वळवली की छातीतली हवा बाहेर पडते, उसासा टाकल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारी चादर टाकून पळते, यात नवल काही नाही.

पहिलं लास्ट ऑफिस एकटीला कधीच देऊ नका, सोबत सीनिअर हवीच. डॉक्टरांनी मृत्यू घोषित केल्यावर डोळे मिटणं, कवळी बसवणं, हनुवटीला आधार, हातपाय सरळ करणं आधी उरका. ताठरपणा साधारण दोन ते चार तासांत जबड्याकडून सुरू होतो, मुंबईच्या उकाड्यात त्याहून लवकर. मामा (वॉर्डबॉय) ट्रॉली घेऊन दारात उभे राहिले की घाई होते आणि ओळखपट्टी राहून जाते. एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी) केस असेल तर ट्यूब, कॅथेटर, लाइन काहीही काढायचं नाही, अंगही पुसायचं नाही. बॉडी तशीच पोस्टमॉर्टेमला जाते.

मानसोपचार_परिचर्या
वरचं सगळं पटलं. पण त्या पंधरा मिनिटांत गोल बसवून प्रत्येकीला ‘काय वाटलं सांग’ करू नका. घटनेनंतर एकाच बैठकीत सगळं बोलतं करण्याने पुढचा पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक आजार) टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो, असं कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसलं आहे. तीनच प्रश्न पुरतात. काय क्रमाने घडलं? त्यातलं आपल्या हातात काय होतं, काय नव्हतं? आज घरी कोण कोणासोबत जाणार? गप्प बसणारीला गप्प बसू द्या.

आणि इंटर्नल मार्क तुमच्याच हातात असतील तर ही बैठक तुम्ही घेऊच नका. परीक्षकासमोर कोण रडेल? दुसऱ्या वॉर्डच्या ट्यूटरशी अदलाबदल करा. बोललेलं लॉगबुकात उतरवायचं नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.

ट्यूटर_परळ
मार्क माझ्याचकडे आहेत, अदलाबदल जमेल. पण कोरड्या झालेल्यांचं काय? ओरडून उपयोग होत नाही.

मानसोपचार_परिचर्या
होणारच नाही. मानसशास्त्रज्ञ मास्लॅक यांच्या 1981च्या मोजपट्टीत बर्नआउटच्या तीन बाजू आहेत : भावनिक थकवा, माणसाला वस्तूसारखं वागवणं आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही असं वाटणं. ‘बेड 12’ ही दुसरी बाजू. एकदोन आठवड्यांत ओसरली तर ती स्वतःला सावरण्याची धडपड समजा. जागतिक आरोग्य संघटनाही बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली अवस्था म्हणते. म्हणून मुलीआधी ड्युटी लिस्ट तपासा : गंभीर पेशंट लागोपाठ तिच्याकडेच येतात का? ओव्हरमध्ये पेशंटचं नाव आधी, बेड नंबर नंतर, हा नियम स्टाफलाही लावा, कारण मुली स्टाफचंच बघून बोलतात. दोन आठवड्यांनंतरही झोप, जेवण बिघडलेलं असेल तर मानसोपचार ओपीडी, किंवा टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आयसीयू_सिस्टर
दांडीबद्दल एक राहिलं. मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सुट्टी देण्यापेक्षा वॉर्डातच, पण डिस्चार्ज होणाऱ्या पेशंटजवळ लावा. औषधं समजावणं, ड्रेसिंग दाखवणं, फॉलो-अपची तारीख लिहून देणं.