मदत हवी आहे : पाणी गोठताना एन्ट्रॉपी घटते, तरीही ती प्रक्रिया उत्स्फूर्त कशी?

शमी (धागाकर्ती) : उत्स्फूर्त (आपोआप घडणाऱ्या) प्रक्रियेत एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, वाढते, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. पाण्याचा बर्फ होताना रेणू स्फटिकाच्या जाळीत बांधले जातात आणि एन्ट्रॉपी घटते, तरीही पुढच्याच पानावर पाणी गोठणे उत्स्फूर्त असल्याचे म्हटले आहे. सोमवारी परीक्षा आहे. कृपया व्याख्या पुन्हा न सांगता विसंगती नेमकी कुठे आहे, तेवढेच सांगावे.

कलमदान : तापमान किती आहे? ते कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, कारण अधिक १० अंशांना हीच प्रक्रिया उलट दिशेने उत्स्फूर्त असते. शिवाय घटते ती केवळ पाण्याची एन्ट्रॉपी, की पाणी आणि सभोवताल यांची मिळून?

उदुंबर : एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही. तापमान आणि दाब स्थिर असताना गिब्ज मुक्त ऊर्जेतील (उष्णता आणि एन्ट्रॉपी यांचा एकत्र हिशोब ठेवणाऱ्या राशीतील) बदल ऋण आला की प्रक्रिया उत्स्फूर्त. मी विद्यार्थ्यांना नेहमी हेच एक सूत्र देतो आणि त्यांचे कुठेही अडत नाही.

कलमदान : सूत्र बरोबर आहे, पण त्यांचा प्रश्न एन्ट्रॉपीविषयी आहे. मुक्त ऊर्जेतील बदलाला उणे तापमानाने भागले की एकूण एन्ट्रॉपीतील बदलच मिळतो, तेव्हा मुळाचा नियम झाकून त्याचे सोयीस्कर रूप तेवढे हाती देणे मला पटत नाही.

रानवाट : उष्णता बाहेर पडते म्हणून पाणी गोठते, इतके साधे आहे ते.

कलमदान : तसे नाही. एकोणिसाव्या शतकात थॉमसेन आणि बर्थेलो या रसायनशास्त्रज्ञांनी हाच निकष मांडला होता, पण नवसागर पाण्यात आपोआप विरघळतो आणि भांडे हाताला गार लागते, याचा उलगडा त्यातून होत नाही.

शमी : तापमान उणे १० अंश सेल्सिअस, दाब वातावरणाचा. गणितात तेच दिले आहे. आता उत्तर मिळेल का?

कलमदान : मिळेल. उणे १० अंशांना एक मोल (सुमारे १८ ग्रॅम) पाणी गोठताना सुमारे ५६३० ज्यूल उष्णता सभोवतालात जाते. तिला २६३ केल्विनने (उणे १० अंश म्हणजेच २६३ केल्विन) भागले की सभोवतालाची एन्ट्रॉपी सुमारे २१.४ ज्यूल प्रतिकेल्विन वाढल्याचे दिसते, तर पाण्याची सुमारे २०.६ ने घटते. बेरीज अधिक ०.८ येते, म्हणून प्रक्रिया उत्स्फूर्त. पुस्तकातले पहिले विधान विलग प्रणालीला (बाहेरच्याशी ऊर्जेची वा पदार्थाची देवाणघेवाण नसलेल्या) लागू आहे आणि इथे पाणी विलग नाही. तुम्ही ते विधान एकट्या पाण्याला लावले, विसंगती तिथेच आहे.

वेताळटेकडी : हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे हीदेखील नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला उत्स्फूर्त प्रक्रिया आहे, तरी अंगठीतला हिरा पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. उत्स्फूर्त म्हणजे झटपट नव्हे, हे विद्यार्थ्यांना कुणी सांगतच नाही.

उदुंबर : हिऱ्याबद्दल कुणी विचारलेले नाही.

वेताळटेकडी : वेगाचा मुद्दा पाण्यालाही लागू होतो. अतिशुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतात. न हलवता शून्याखाली थंड केलेल्या पाण्याच्या बाटलीला टिचकी मारली, तर बर्फाच्या सुया एका जागेवरून सरसर पसरतात आणि आत तापमापी असेल तर पारा खाली न जाता शून्याकडे चढतो. वर हिशोबात घेतलेली उष्णता ती हीच.

शमी : हिशोब कळला. मग शून्य अंशाला बेरीज शून्यच यायला हवी ना?

कलमदान : होय. ६०१० भागिले २७३.१५ करून पाहा. सभोवतालाची वाढ २२.० येते आणि पाण्याची घटही २२.० च असते. शून्य अंशाला बर्फ आणि पाणी समतोलात असतात, त्यामुळे कोणतीच दिशा उत्स्फूर्त नसते. परीक्षेत तापमान केल्विनमध्येच घ्या आणि सभोवतालाची उष्णता धन चिन्हाने लिहा, गुण बहुधा तिथेच जातात.